वैमानिक-प्रशिक्षण, व्यावसायिक : खर्चाचा इतिहास

मोबदला घेऊन विमान चालविण्याचा अधिकार देणारा परवाना मिळविण्यासाठी आणि त्यानंतर हवाई वाहतूक कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू होण्यासाठी घ्यावे लागणारे शिक्षण म्हणजे व्यावसायिक वैमानिक-प्रशिक्षण होय. वैद्यक, स्थापत्य इ. व्यवसायांच्या शिक्षणाहून ते एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. त्यातील खर्चाचा मोठा भाग अध्यापनावर होत नाही, तर यंत्र हवेत ठेवण्यावर होतो. वर्गात विद्यार्थी वाढले, तर दर विद्यार्थ्यामागील अध्यापनाचा खर्च कमी होतो. परंतु प्रशिक्षण-विमानात एका वेळी एकच विद्यार्थी शिकू शकतो आणि प्रत्येक तासाचे इंधन व झीज ठरलेली असते. त्यामुळे हे शिक्षण कोणत्याही काळात स्वस्त नव्हते. काळानुसार बदलत गेला तो खर्चाचा भार वाहणारा घटक. भारतात हा भार प्रथम हौशी धनिकांनी, नंतर बऱ्याच अंशी शासनाने व सरकारी निगमांनी आणि १९९० नंतर मुख्यत्वे विद्यार्थ्याच्या कुटुंबाने उचलला. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात या स्थित्यंतराचा आढावा घेतला आहे.

खर्चाची उगमस्थाने : भारतात परवाने देण्याचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. त्याचा कायदेशीर आधार १९३४ चा विमान अधिनियम व १९३७ चे विमान नियम हा होता. १ जानेवारी २०२५ पासून या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, वैद्यकीय तपासणीत पात्र ठरावे लागते आणि मार्गनिर्देशन, वातावरणविज्ञान, विमानविषयक नियम व तांत्रिक ज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. रेडिओ-दूरध्वनीची परीक्षा वेगळी असते. यांशिवाय किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास विद्यार्थ्याने विमानाचा प्रमुख म्हणून केलेले असावे लागतात. त्यांत दूर पल्ल्याच्या २० तासांच्या उड्डाणांचा समावेश असतो व त्यांतील एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन अन्य विमानतळांवर उतरून केलेला असावा लागतो. रात्रीचे उड्डाण व केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण यांसाठीही किमान तास ठरवून दिलेले आहेत.

प्रशिक्षण-संस्था तासागणिक जो दर आकारते, त्यात इंधन, विमा, विमानघर, निदेशकाचे वेतन, अभियंत्यांकडून ठराविक तासांनी होणारी तपासणी आणि एंजिनाच्या पुनर्जुळणीसाठी बाजूला काढावयाची रक्कम यांचा समावेश होतो. लहान प्रशिक्षण-विमानाचे एंजिन साधारणतः २,००० ते २,४०० तासांनंतर पूर्णपणे उघडून पुन्हा जुळवावे लागते. म्हणजेच एक विद्यार्थी आपल्या २०० तासांत एंजिनाच्या आयुष्याचा सुमारे दहावा हिस्सा वापरतो व त्याची किंमत मोजतो. या विमानांना लागणारे विशिष्ट पेट्रोल भारताला अनेक वर्षे आयात करावे लागे. इंडियन ऑइलने वडोदरा येथील शुद्धीकरण कारखान्यात ते तयार करून सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. तासाचा दर १५,००० रु. धरला, तरी केवळ २०० तासांचे ३० लाख रु. होतात. त्यात भूवर्ग, परीक्षा, दोन एंजिनांच्या विमानावरील तास, निवास व भोजन हे खर्च मिळविले म्हणजे २०२० नंतरच्या काळात देशातील प्रशिक्षणाचा एकूण खर्च सर्वसाधारणपणे ४० ते ६० लाख रुपयांच्या घरात जातो.

या आकड्यात विलंबाची किंमत धरलेली नसते. विमान नादुरुस्त होणे, निदेशकांची कमतरता, पावसाळी हवा किंवा परीक्षेतील अपयश यांमुळे वर्ष-दीड वर्षाचा अभ्यासक्रम लांबतो. परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत काही किमान तास उड्डाण झालेले असावे लागत असल्याने, रखडलेल्या विद्यार्थ्याला पूर्वीच पुरे केलेल्या तासांवर आणखी तास विकत घ्यावे लागतात. परवाना हाती आल्यावरही प्रवासी जेट विमान चालविता येत नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा विशिष्ट विमानप्रकारासाठी सिम्युलेटरवर स्वतंत्र शिक्षण घेऊन त्याची नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. ‘टाइप रेटिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या टप्प्याचा खर्च अलीकडे १५ ते २५ लाख रुपयांपर्यंत येतो.

प्रारंभ (१९२८–४७) : भारतात उड्डाणशिक्षणाची संघटित सुरुवात १९२८ मध्ये दिल्ली, मुंबई, कराची इ. ठिकाणी स्थापन झालेल्या फ्लाइंग क्लबांपासून झाली. मुंबईचा क्लब जुहू येथे होता. शासनाने या क्लबांना विमाने व अनुदान देऊन साहाय्य केले. तरीही सभासदत्व व उड्डाणाचे शुल्क देणारा वर्ग संस्थानिक, उद्योगपती, वरिष्ठ अधिकारी व त्यांची मुले यांपुरताच राहिला. भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३० मध्ये ते अस्पी इंजिनिअर यांनी पटकाविले. पुढे ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले (१९६०–६४). या काळात उड्डाण ही हौस, साहस व प्रतिष्ठा यांची बाब होती; उपजीविकेचे साधन म्हणून त्याकडे पाहणारे थोडेच होते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा प्रारंभ झाला. त्यानंतर पगारी वैमानिक हा व्यवसाय आकारास येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात फ्लाइंग क्लबांचा उपयोग वायुसेनेच्या राखीव दलासाठी उमेदवार तयार करण्याकडे झाला. ज्यांना क्लबचे शुल्क कधीच परवडले नसते, अशा काही तरुणांना युद्धामुळे सरकारी खर्चाने उड्डाण शिकता आले.

अनुदानाचा काळ (१९४७–९०) : युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डकोटा विमानांच्या बळावर अनेक खाजगी कंपन्या उभ्या राहिल्या. वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्याचा निष्कर्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये काढला. पुढे १९५३ च्या अधिनियमानुसार या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया हे दोन निगम अस्तित्वात आले. त्यामुळे प्रवासी वाहतुकीतील वैमानिकाला देशात व्यवहारतः दोनच मालक उरले.

प्रशिक्षणाची व्यवस्थाही याला अनुरूप अशी होती. अलाहाबाद येथे १९४८ मध्ये शासनाचे नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. राज्याराज्यांतील क्लबांना विमाने व उड्डाणाच्या तासांसाठी अनुदान मिळे आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष खर्चाहून बऱ्याच कमी दराने उड्डाण करता येई. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात वि. मा. घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘एचटी–२’ हे प्रशिक्षण-विमान १९५१ मध्ये उडाले. १९५८ मध्ये उडालेले ‘पुष्पक’ हे दोन आसनी हलके विमान मुख्यतः क्लबांच्या गरजेसाठी बनविण्यात आले होते. परकीय चलनाची टंचाई असलेल्या देशात आयात विमानांना पर्याय देऊन उड्डाणाचा तास आवाक्यात ठेवणे, हा त्यामागील एक विचार होता. पुण्याजवळ हडपसर येथील शासकीय केंद्रात ग्लायडर या एंजिनरहित विमानाचे शिक्षण अल्प शुल्कात मिळे. ते व्यावसायिक परवान्याचा पर्याय नव्हते. मात्र सामान्य घरातील मुलांना उड्डाणाची पहिली ओळख तेथे होऊ शके. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेनेही हेच कार्य केले.

परवाना घेऊन निवडल्या गेलेल्या उमेदवाराला मोठ्या विमानाचे शिक्षण निगम स्वतःच्या खर्चाने देई. इंडियन एअरलाइन्सचे असे केंद्र हैदराबाद येथे होते. या व्यवस्थेत मध्यमवर्गीय तरुणतरुणींना वाव मिळाला. इंडियन एअरलाइन्सच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कलकत्ता–सिलचर मार्गावर, केवळ महिला कर्मचारी असलेल्या फॉकर फ्रेंडशिप विमानाचे नेतृत्व केले. मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. निगमांतील जागा मोजक्या आणि भरती अनियमित असल्याने परवाना मिळूनही अनेकांना वर्षानुवर्षे नोकरी मिळत नसे. क्लबांतील विमाने जुनी होत गेली, सुटे भाग मिळेनासे झाले व शिक्षणाच्या दर्जात मोठी तफावत पडली. त्यावर उपाय म्हणून उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही स्वायत्त संस्था स्थापन करण्यात आली (१९८५). तिच्यामुळे प्रशिक्षणाचा दर्जा उंचावला. पण देशभर विखुरलेल्या क्लबांऐवजी प्रवेशपरीक्षेने मिळणाऱ्या थोड्या जागा, असे शासकीय धोरणाचे स्वरूपही त्याबरोबर पालटले.

खाजगी कंपन्यांचा काळ : १९९० नंतरच्या उदारीकरणात ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट इ. कंपन्या सुरू झाल्या. १९५३ चा अधिनियम १९९४ मध्ये रद्द झाला. नव्या कंपन्यांनी आरंभी निगमांचे अनुभवी वैमानिक अधिक वेतन देऊन घेतले. ज्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला होता, त्यांचा लाभ अशा रीतीने खाजगी कंपन्यांना मिळाला. या कंपन्यांपैकी जेट वगळता वरील तिन्ही १९९० चे दशक संपण्यापूर्वीच बंद पडल्या.

२००३ नंतर अल्पदराच्या कंपन्यांमुळे प्रवासी वाढले आणि वैमानिकांची टंचाई निर्माण झाली. देशातील संस्था अपुऱ्या पडल्याने विद्यार्थी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फिलिपीन्स इ. देशांत गेले. तथापि ते परवाना घेऊन परतू लागले, तोवर २००८ ची तेलाची भाववाढ व जागतिक मंदी यांमुळे भरती थांबली होती. हे चक्र पुढेही फिरत राहिले. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये व गो फर्स्टची मे २०२३ मध्ये थांबली. २०२० मध्ये महासाथीमुळे देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिने पूर्णपणे बंद होती. याउलट २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली आणि त्याच वर्षी महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. आदल्या वर्षी ही संख्या १,१६५ होती.

या चक्राचे वैशिष्ट्य असे की, प्रशिक्षणाचा निर्णय तेजीत घेतला जातो आणि परवाना दोन-तीन वर्षांनी, बहुधा वेगळ्या परिस्थितीत हाती येतो. शेतकरी भाव चढा असताना कांदा लावतो व तो काढणीस येईतो भाव उतरतो, त्यातलाच हा प्रकार होय. फरक इतकाच की, कांद्याचे नुकसान एका हंगामाचे असते. बेकार वैमानिकाला मात्र परवाना जिवंत ठेवण्यासाठी वैद्यकीय तपासणी, उपकरण-उड्डाणाची चाचणी व काही तासांचे उड्डाण यांवर पुनःपुन्हा खर्च करावा लागतो. या दडपणाचे विकृत रूपही दिसून आले. २०११ मध्ये काही वैमानिकांनी परीक्षांच्या बनावट गुणपत्रिका सादर केल्याचे उघडकीस येऊन त्यांना अटक झाली.

कंपन्यांनीही खर्चाचा भार क्रमशः उमेदवारांकडे सरकविला. पूर्वी निगम करीत असलेला टाइप रेटिंगचा खर्च अनेक ठिकाणी उमेदवाराने द्यावयाचा झाला किंवा त्याबदली काही वर्षांच्या सेवेचा करार लिहून घेण्यात येऊ लागला. त्यानंतर कंपन्यांच्या नावाने चालणारे, निवडीपासून टाइप रेटिंगपर्यंतचे एकत्रित अभ्यासक्रम आले. त्यांत नोकरीची शक्यता अधिक असते. परंतु त्यांचे शुल्क एक कोटी रुपयांच्या आसपास वा त्याहून अधिक असते.

महाराष्ट्रातील केंद्रे : जुहूच्या भोवती शहर वाढले आणि सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाच्या सान्निध्यामुळे तेथील आकाश अपुरे पडू लागले. परिणामी बाँबे फ्लाइंग क्लबने उड्डाणाचे शिक्षण धुळे येथे हलविले. गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे विमानतळ प्राधिकरण व सीएई ही कॅनडातील कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. शिरपूर (धुळे जिल्हा) येथेही प्रशिक्षण-संस्था आहे. प्राधिकरणाने २०२१ मध्ये ज्या पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिल्या, त्यांत जळगाव व बेळगाव यांचा समावेश होता. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीजवळ बेलोरा येथे, वर्षाला १८० वैमानिक घडविण्याच्या उद्दिष्टाने स्वतःची संस्था उभारण्याचे जाहीर केले. कंपनीने प्रशिक्षणाची प्राथमिक पायरी स्वतःकडे घेणे, ही या इतिहासातील नवी घटना होय.

पुणे जिल्ह्यात हे शिक्षण बारामती येथे केंद्रित झाले आहे. पर्जन्यछायेतील कोरडी हवा, मोकळे आकाश व नियमित प्रवासी वाहतुकीचा अभाव या गोष्टी प्रशिक्षणास सोयीच्या ठरल्या. दौंड, इंदापूर व बारामती तालुक्यांतील उसाच्या फडांवरून लहान विमाने घिरट्या घालताना दिसणे, हे तेथील नित्याचे दृश्य झाले आहे. क्वचित ती खालीही आली. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एक प्रशिक्षण-विमान शेतात कोसळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन अपघात झाले. उड्डाणाच्या तासाची किंमत ठरविताना देखभाल व निदेशन यांत काटकसर करता येत नाही, याची आठवण अशा घटना करून देतात.

कर्ज व तारण : ज्या गावांवरून ही विमाने उडतात, तेथील मुलामुलींना त्यांत बसणे कितपत शक्य आहे, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. पुणे–सोलापूर महामार्गावरील भांडगाव (ता. दौंड) हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी लाभलेल्या पट्ट्यातील, ऊस पिकविणाऱ्या अशा गावातील कुटुंबाची मुख्य मालमत्ता म्हणजे शेतजमीन. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ७.५ लाख रुपयांवरील कर्जास मूर्त तारण लागते. मात्र कर्जवसुलीसाठी तारण मालमत्ता न्यायालयाबाहेर ताब्यात घेण्याची मुभा बँकांना देणाऱ्या २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याचे संरक्षण हा या तरतुदीचा हेतू योग्यच होय. पण तिच्यामुळे बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घेण्यास नाखूश असतात व घर, बिगरशेती भूखंड किंवा मुदतठेव मागतात. त्यात सातबाऱ्यावर भाऊबंदांची सामाईक नावे असली, तर अडचण आणखी वाढते. अखेर जमीन विकणे हाच मार्ग उरतो आणि एका मुलाच्या परवान्यासाठी भावंडांचा वाटाही पणाला लागतो. पगारदार शहरी कुटुंबाला सदनिकेवर जे कर्ज मिळते, ते तितक्याच किंवा त्याहून अधिक मोलाची जमीन असणाऱ्या कुटुंबाला मिळतेच असे नाही.

कर्ज मिळाले, तरी त्याचे गणित कठीण असते. पन्नास लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे ६९ हजार रु. येतो. नोकरीसाठी दोन वर्षे थांबावे लागले, तर तेवढ्या काळात सरळ व्याजच ११ लाखांनी वाढते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाने सुरू केलेल्या उच्चश्रेणी शिष्यवृत्ती योजनेत खाजगी संस्थांतील वैमानिक-प्रशिक्षणाचा समावेश होता. परंतु शुल्काची कमाल मर्यादा दरसाल ३.७२ लाख रु. असल्याने बहुतेक रक्कम विद्यार्थ्यानेच उभी करावयाची राहिली.

अन्य देशांतील पद्धती : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत निवृत्त सैनिकांना शासकीय अर्थसाहाय्याने उड्डाण शिकता आले व त्यांतून वाहतूक कंपन्यांना मनुष्यबळ लाभले. जर्मनीत लुफ्तहान्सा या कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ब्रेमेन येथे स्वतःची शाळा काढली. तेथे बराच काळ शिक्षणाचा खर्च कंपनी आधी करी व विद्यार्थ्याचा वाटा पुढे वेतनातून वसूल करी. नोकरी व खर्च यांची जोखीम अशा प्रकारे दोन्ही पक्षांत वाटली जाई. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफलोजवळ प्रादेशिक कंपनीच्या विमानाला अपघात होऊन ५० माणसे मृत्यू पावली. त्याच्या चौकशीच्या वेळी सहवैमानिकांचे अल्प वेतन व थकवा हे प्रश्न ऐरणीवर आले आणि २०१३ पासून तेथे सहवैमानिकासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तासांच्या अनुभवाची अट आली. सुरक्षिततेसाठी घातलेल्या या अटीने उमेदवाराचा प्रतीक्षाकाल व खर्च मात्र वाढविला.

मूल्यमापन : फ्लाइंग क्लबांच्या काळात परवाना धनिकांपुरता मर्यादित होता; अनुदानाच्या काळात तो मध्यमवर्गापर्यंत पोहोचला, पण नोकऱ्या थोड्या होत्या. खाजगी कंपन्यांच्या काळात नोकऱ्या अनेक पटींनी वाढल्या, पण प्रवेशाचे मूल्य पुन्हा सधन किंवा कर्ज काढू शकणाऱ्या कुटुंबांनाच झेपेल असे झाले. पूर्वी मंदीचा तोटा निगमाच्या ताळेबंदात दिसे. आता तो विद्यार्थ्याच्या घरी हप्त्याच्या रूपाने येतो. वैमानिकाच्या अंगी लागणारी दृष्टी, समतोल बुद्धी व शिस्त यांचा मालमत्तेशी संबंध नाही. तेव्हा निवड गुणांवर आणि खर्चाची परतफेड वेतनातून, हे तत्त्व पुन्हा स्वीकारले गेले, तरच या व्यवसायाचे दार सर्वांना खुले झाले असे म्हणता येईल. अमरावतीसारख्या कंपनीच्या स्वतःच्या संस्था त्या दिशेने जातात, की केवळ शुल्क घेणारा हात बदलतो, यावर त्यांचे सामाजिक मोल ठरेल.

[⟶ फ्लाइंग क्लब, वायुवाहतूक, विमान, विमानतळ].